विसाव्याचा मुलूख

मराठीत ‘हवापालट’ असा एक शब्द होता. कोशात तो आजही आहे, बोलण्यातून मात्र उठला. दीर्घ दुखण्यातून माणूस सावरला की डॉक्टर सांगत, आता जरा हवापालट करा. आणि घरातली वडीलधारी मंडळी देवळालीला आपले कोण राहते, पाचगणीला कोणाची ओळख निघते, याची उजळणी करू लागत. विश्रांती लागते ती शरीराला, आणि ती मिळते दुसऱ्या गावच्या हवेत, असे त्या शब्दात गृहीत होते. आता त्याच्या जागी ‘वीकेंड’ आला. मुंबईहून कसारा घाट चढून किंवा पुण्याहून संगमनेरमार्गे शुक्रवारी रात्री निघालेल्या गाड्या शनिवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रस्त्याला लागतात. धरणाच्या पाण्याकाठचे द्राक्षमळे, वाइनरीतला फेरफटका, चार-पाच पेल्यांत घोटघोट चव घेणे, सूर्यास्त, झोप आणि रविवारी परतीचा प्रवास. जानेवारी ते मार्च हा या वर्दळीचा हंगाम, कारण द्राक्षे तेव्हाच उतरतात.

या विसाव्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. शहरातल्या माणसाला मोकळे आकाश आणि हिरव्या ओळी पाहून बरे वाटते, यात गैर काही नाही. पण ज्या जमिनीवर आपण हे दोन दिवस घालवतो, तिला विसाव्यासाठी येणाऱ्या माणसांची सवय फार जुनी आहे. त्या सवयीचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवून हा मुलूख पाहिला, तर पेल्यातल्या वाइनची चव बदलणार नाही, पण आजूबाजूला दिसणारे बरेच काही ओळखीचे होईल.

तीर्थ, रुसवा आणि छावणी

नाशिकला माणसे येत ती गोदावरीसाठी. यात्रा हा आपल्याकडचा सगळ्यात जुना प्रवास. पुण्य हा तिचा उद्देश, पण घरच्या रगाड्यातून सुटका हाही तिचा एक अंगभूत लाभ असे, विशेषतः बायकांसाठी. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांच्या यात्रेकरूंची नावे आणि गावे नोंदलेली आहेत. आज हॉटेलच्या काउंटरवर आपण ओळखपत्र पुढे करतो, तेव्हा त्या वह्यांची आठवण यायला हरकत नाही. मोगलांनी या शहराला गुलशनाबाद म्हटले. पेशवाईत जुने नाव परत आले आणि पेशव्यांच्या घराण्यानेही नाशिकला आपलेसे केले.

आपलेसे केले म्हणताना जरा थांबावे लागते. गंगापूर रस्त्याने मळ्यांकडे जाताना शहर संपता संपता आनंदवल्ली लागते. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई यांच्यावरून हे नाव पडले. दादांचे पुण्याशी बिनसले की ते इकडे येऊन राहत. पुढे, पतीच्या मृत्यूनंतर नजरकैदेत दिवस काढलेल्या आनंदीबाईंचा शेवट १७९४ मध्ये इथेच झाला. याच रस्त्यावर आणखी पुढे गंगापूर. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई, थोरल्या माधवरावांच्या मातोश्री, मुलाशी बेबनाव झाल्यावर या भागात येऊन राहिल्या. नवरा गेला, तिन्ही मुलगे डोळ्यांदेखत गेले, आणि त्यांचे उरलेले आयुष्य गोदाकाठी व्रतस्थपणे सरले. पेशवाईतल्या या दोन बायका, एकमेकींच्या विरोधात उभ्या राहिलेल्या, अखेर एकाच नदीच्या काठावर थोड्या अंतराने येऊन विसावल्या. त्यांच्यासाठी हा मुलूख म्हणजे सत्तेपासून दूर राहण्याची जागा होती, काहीशी स्वीकारलेली आणि काहीशी लादलेली.

लादलेल्या विसाव्याचे दुसरे ठिकाण शहराच्या दुसऱ्या बाजूला आहे. १८६५ मध्ये रेल्वेने थळ घाट ओलांडला. त्याच दशकात देवळालीला ब्रिटिश फौजेची छावणी नांदू लागली. नोकरीची मुदत संपलेले सैनिक मायदेशी नेणाऱ्या जहाजांची वाट पाहत इथे थांबत. जहाजे ठरावीक मोसमातच निघत, त्यामुळे काहींना महिनोन्‌महिने बसून काढावे लागत. काम नाही, लढाई नाही, घर दूर. या रिकामपणाने माणसे भ्रमिष्ट होत, आणि इंग्रजीत वेडसर माणसाला ‘डुलाली’ म्हणण्याची रीत पडली. देवळालीचा हा अपभ्रंश आजही इंग्रजी कोशात आहे. पुढे याच देवळालीची कोरडी हवा क्षयरोग्यांना आणि अशक्तांना मानवते म्हणून पारशी, गुजराती मंडळींनी तिथे आरोग्यभवने उभारली. ज्या हवेत सैनिकांचे डोके फिरे, तिच्यातच मुंबईकरांची तब्येत सुधारू लागली. विसावा स्वतः निवडलेला आहे की नाही, यावर त्याचा गुण ठरतो, हे देवळालीइतके स्पष्ट कुठे दिसत नसेल.

दोन बहरांचा वेल

आता वेलीकडे वळू. द्राक्ष ही भारताला परकी वस्तू नाही, पण दख्खनची मूळ रहिवासीही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षांच्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे, आणि त्याची ओळख ज्या प्रदेशांवरून दिली आहे त्यांतला कपिश हा आजच्या काबूलच्या उत्तरेचा. म्हणजे उत्तम द्राक्षमद्य वायव्येचे, असा तेव्हाही समज होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत इटालियन मद्याचा उल्लेख आहे. आणि पैठण-तेरचा माल गाड्यांनी भडोचला येई, हेही तीच पुस्तिका सांगते. सातवाहनांच्या काळी दख्खनच्या पठारावर परदेशी मद्याला गिऱ्हाईक होते, इतके यावरून म्हणता येते. वेल मात्र अजून आली नव्हती, निदान तिची ठळक नोंद नाही.

ती नोंद सापडते चौदाव्या शतकात. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली. त्यानंतर काही वर्षांनी तिथे आलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवले की दौलताबादेत द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि ती वर्षातून दोनदा फळतात. प्रवाशाला ते नवल वाटले, आणि त्याचे नवल बरोबर होते. थंड प्रदेशात वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते, वसंतात उठते आणि एकदाच फळते. दख्खनमध्ये तिला झोपवील अशी थंडी पडत नाही. ती सदाहरित राहते. छाटली की फुटते, फुटली की फळते.

दख्खनच्या सगळ्या द्राक्षशेतीची किल्ली या एका गोष्टीत आहे. जुने बागायतदार दोन बहर घेत. चैत्राच्या सुमाराला छाटणी केली की पावसाळ्यात घड येत, पण ते पाण्याने खराब होत आणि गोडी भरत नसे. तो आंबट बहर. दसऱ्याच्या सुमाराला छाटली की फाल्गुनात मिळे तो गोडा बहर. हळूहळू शेतकऱ्याने आंबट बहराचा नाद सोडला, पण छाटणी सोडली नाही. एप्रिलमध्ये ‘खरड छाटणी’ करायची ती फळासाठी नव्हे, जोमदार काडी तयार व्हावी म्हणून. उन्हाळ्याच्या प्रखर उजेडात त्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडांचे गर्भ धरतात. मग ऑक्टोबरात ‘गोडी छाटणी’. ती झाली की तेच डोळे घडासकट फुटतात. दोन छाटण्या, एक पीक. कोल्ह्याला द्राक्षे आंबट लागतात हे आपण सगळेच लहानपणी शिकलो. आंबट द्राक्षे मुळात घ्यायचीच नाहीत, हा शोध दख्खनच्या शेतकऱ्याचा. युरोपातल्या पुस्तकांत हे वेळापत्रक नव्हते. आज नाशिकची कोणतीही वाइनरी याच पंचांगावर चालते, आणि म्हणूनच फ्रान्समध्ये सप्टेंबरात होणारी तोडणी इथे जानेवारी-फेब्रुवारीत होते. पर्यटकाला गुलाबी थंडीत पिकलेले घड पाहायला मिळतात ते या दोन छाटण्यांमुळे.

खाण्याचे द्राक्ष, पिण्याचे द्राक्ष

१८८३ च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये द्राक्षवेलींची दखल आहे. जुन्या काळी वेल पांगाऱ्याच्या जिवंत खुंटावर चढवीत. भोकरी, फकडी, हबशी ही तेव्हाची वाणे. विसाव्या शतकात ओझर, पिंपळगाव बसवंत, निफाड या पट्ट्यात बागा वाढत गेल्या. मग बियांशिवायचे थॉमसन सीडलेस आले आणि बाकीची वाणे मागे पडली. तासगावच्या शेतकऱ्याने थॉमसनमधून निवडलेल्या वाणाचे नाव ‘तास-ए-गणेश’, सोलापूरकडच्या वाणाचे ‘सोनाका’. ही नावे कुठल्या प्रयोगशाळेतून आलेली नाहीत, बांधावरून आलेली आहेत. लोखंडी अँगल, तारा, ठिबक, क्षार आणि पाणीटंचाई सोसणाऱ्या डॉगरिज खुंटावरचे कलम, घडांची विरळणी, संजीवकाच्या द्रावणात घड बुडवण्याचे ‘डिपिंग’ असे एकेक करत निफाडच्या शेतकऱ्याने एक अत्यंत खर्चिक आणि नाजूक शेती उभी केली. १९९१ मध्ये शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ स्थापन केली आणि द्राक्षे परदेशी जाऊ लागली.

या सगळ्यात वाइन कुठेच नव्हती. याचे एक कारण कायदा होता, त्याकडे पुढे येऊ. दुसरे कारण वेलीचेच. खाण्याचे द्राक्ष मोठे, पातळ सालीचे, बिनबियांचे हवे. वाइनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे, बियांचे असते, आणि त्याचे उत्पादन मुद्दाम कमी ठेवावे लागते. एक पिकवणाऱ्याला दुसरे आपोआप येत नाही.

महाराष्ट्रात वाइनचा पहिला मोठा प्रयोग नाशिकात झाला नाही, तो पुणे जिल्ह्यात नारायणगावला झाला. शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन बनवली आणि ती ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशी पाठवली. त्याच दशकाच्या अखेरीस बंगळुरूजवळ नंदी डोंगराच्या पायथ्याशी कंवल ग्रोव्हर यांनी फ्रेंच वाणे लावली. बंगळुरूत राहणाऱ्या मराठी वाचकांना हा मुलूख परका वाटू नये. शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळुरूबरोबर हाही टापू मोडत असे.

नाशिकची पाळी आली ती १९९० च्या दशकाच्या शेवटी. अमेरिकेत शिकून परतलेल्या राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां ही पांढरी वाणे लावली. कॅलिफोर्नियाचे केरी डॅमस्की सल्लागार होते. आई सुलभा यांच्या नावावरून कंपनीचे नाव सुला पडले आणि पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. अबकारी करात सवलत, परवान्याची सोपी वाट, आणि दोन वाइन पार्क: सांगलीत पलूसला कृष्णा, नाशिकात विंचूरला गोदावरी. पानिपतातून वाचून परतलेल्या विठ्ठल शिवदेव यांच्या घराण्याचे हे विंचूर. लासलगावच्या कांद्याच्या बाजाराशेजारी आता वाइनच्या टाक्या उभ्या राहिल्या.

धोरणाने शेतकऱ्याला सांगितले, वाइनची द्राक्षे लाव, स्वतःची वाइनरी काढ. अनेकांनी ऐकले. थॉमसन उपटून काबर्ने आणि शिराझ लावले गेले, कर्जे काढली गेली, स्टीलच्या टाक्या आल्या. वाइन बनवण्यापेक्षा विकणे कठीण असते, हे लवकरच उघड झाले. २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर झालेला हल्ला यांनी हॉटेलांचा धंदा बसला, आणि वाइन तर हॉटेलांतच खपत होती. टाक्या भरलेल्या राहिल्या, पुढच्या हंगामाच्या द्राक्षांना गिऱ्हाईक उरले नाही. इंडेजसारखी मोठी कंपनी कोसळली. खाण्याचे द्राक्ष भाव पडला तरी बेदाणा करून ठेवता येते, निदान हातगाडीवर विकता येते. वाइनचे द्राक्ष खायला कोणी घेत नाही. पुष्कळांनी वेली उपटल्या.

वाइन पर्यटन वाढले ते या पडझडीतून. बाटली बाजारात नेणे जमत नसेल, तर गिऱ्हाईकाला बाटलीकडे आणावे. चव घेण्याची दालने, मळ्यातली राहण्याची सोय, फेब्रुवारीतला संगीत महोत्सव, द्राक्षे पायाने तुडवण्याचा खेळ. २००८ पासून सुरू झालेल्या सुलाफेस्टने नाशिकची ओळख बदलली. जे टिकले त्यांतल्या बऱ्याच जणांचा हात या पाहुण्यांनी धरला आहे. म्हणून शनिवारी तिथे जाणारा माणूस निव्वळ प्रेक्षक नसतो. या भागाच्या अर्थकारणात त्याच्या सुट्टीला जागा आहे.

उभी बाटली, आडवी बाटली

आता कायदा. महाराष्ट्रात मद्यविक्री ज्या कायद्याखाली चालते तो १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. गांधीजींच्या विचारांनी भारलेल्या त्या पिढीने तो केला, पुढे बंदी सैल झाली, पण कायदा राहिला. पिण्यासाठी परवाना लागतो, ही त्याची मूळ रचना अजून शाबूत आहे. म्हणजे मळ्यात बसून निवांत पेला उचलणारा माणूस कायद्याच्या भाषेत एका बंदीला मिळालेली सूट उपभोगत असतो.

या बंदीच्याही मागे जावे लागेल. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने इंग्रज सरकारने दारू गाळण्याचा मक्ता आपल्या हाती एकवटला. सह्याद्रीतला आदिवासी मोहाच्या फुलांची दारू घरी गाळी, देवाला दाखवी, लग्नात वाटी. ती एका फटक्यात गुन्हा ठरली, आणि त्याने सरकारमान्य दुकानातून, बहुधा सावकार किंवा मक्तेदाराकडून, पैसे देऊन दारू घ्यावी अशी व्यवस्था झाली. १९२२ मध्ये दक्षिण गुजरात आणि लगतच्या डोंगरी भागांत ‘देवी’ची चळवळ पसरली. अंगात आलेली देवी आदिवासींना सांगू लागली, दारू सोडा, मक्तेदाराच्या दुकानात जाऊ नका. त्या दारूबंदीत सुधारणा होती आणि बंडही होते.

या इतिहासामुळे दारूच्या प्रश्नावर महाराष्ट्राचे मन कधीच एकसंध नसते. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले तर दुकान बंद करण्याची तरतूद आपल्याकडे आहे, आणि ज्यांचे संसार दारूने बुडाले अशा बायकांनी ती जिद्दीने वापरली. दुसरीकडे २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला संमती दिली. शेतकऱ्याचे हित हे त्यामागचे कारण सांगितले गेले. वाइन म्हणजे दारू का, यावर महिनाभर वाद झडला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय कागदावरच राहिला.

दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य होते. वाइनला सोवळे ठेवून मोहाला ओवळे ठरवणे हा न्याय नव्हे. पण मोह गुन्हा ठरला म्हणून निफाडच्या शेतकऱ्याने वाइन करू नये, हाही न्याय नव्हे. प्रश्न असा आहे की कोणाचे पिणे संस्कृती ठरते आणि कोणाचे व्यसन, हे आजवर पेयावर ठरले की पिणाऱ्याच्या ऐपतीवर? मळ्यातल्या निवांत संध्याकाळी हा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारला तर संध्याकाळ बिघडेल असेही नाही.

मळ्यात काय पाहावे

आणि आता जायचेच तर काय पाहावे? पाऊस पाहावा, म्हणजे त्याचा उतार. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तर पूर्वेला निफाडकडे त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. एकाच जिल्ह्यात ही तफावत आहे, आणि खाण्याची द्राक्षे कोरड्या पूर्वेकडे का एकवटली ते यातून कळते. डिसेंबरात निफाडला राज्यातली सगळ्यात कडक थंडी पडते. तापमान शून्याजवळ गेले की शेतकरी रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतात, कारण एका रात्रीच्या गारठ्याने मणी तडकतात. त्याच रात्री काही किलोमीटरवर पाहुणे हौसेने शेकोटीभोवती बसलेले असतात. आग तीच, जागरणे वेगळी.

दिंडोरीकडे गेलात तर हा सपाट, सुपीक, वेलींच्या ओळींनी रेघाटलेला प्रदेश ऑक्टोबर १६७० मध्ये रणांगण होता, हे आठवावे. सुरतेची दुसरी लूट घेऊन परतणाऱ्या शिवाजी महाराजांना दाऊदखानाने वणी-दिंडोरीच्या टापूत गाठले आणि मराठे उघड्या मैदानात मोगलांशी लढून निसटले.

आणि ओळींमध्ये वाकून काम करणारी माणसे पाहावीत. छाटणी, विरळणी, तोडणी यांसाठी पेठ, सुरगाणा, हरसूलच्या डोंगरांतून आदिवासींच्या टोळ्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन येतात आणि हंगाम सरला की परततात. मोहाची दारू ज्यांच्या घरात गुन्हा ठरली, त्यांचीच ही नातवंडे-पतवंडे. मार्च २०१८ मध्ये, ऐन द्राक्षाच्या हंगामात, याच डोंगरांतली हजारो माणसे वनजमिनीचा हक्क मागत नाशिकहून मुंबईला चालत गेली. सहा दिवस लागले. आपण ज्या महामार्गाने तीन-चार तासांत सुट्टीला येतो तोच रस्ता, फक्त उलट दिशेने. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्री चालून संपवला.

वाइनच्या बाटलीवर वाण, वर्ष आणि मुलूख छापलेले असतात. नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. म्हणजे ही चव या मातीचीच, हे कायद्याने मान्य केले. मातीत तिच्यावर राबलेले हातही धरावेत, इतकेच म्हणणे आहे. पाहुण्याला फार काही करावे लागणार नाही. फेरफटक्यात टाक्या आणि पिंपे दाखवून झाली की, ही वेल कोणी छाटली, ते कुठून येतात, असे एकदा विचारावे. उत्तर बहुधा लगेच मिळते. पश्चिमेकडे बोट दाखवले जाते, आणि तिकडे, मळे संपतात तिथे, डोंगर दिसतात.